आरमाराची छावणी : पावसाळ्यांत तारवें कोठें व कशीं ठेवीत

मराठ्यांच्या आरमाराविषयीं आजवर जें लेखन प्रसिद्ध झालें आहे त्यांत लढायांचें वर्णन विपुल आहे. पण ज्या महिन्यांत लढाया होत नसत त्या महिन्यांविषयीं फार थोडें आहे. कोंकणकिनाऱ्यावर दरसाल सुमारें तीन महिने समुद्र बंद असतो. ज्येष्ठांत नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास दर्या निवळूं लागतो. या मुदतींत गुराबा, गलबतें, शिबाडें, मचवे हीं सारीं कोठें असत, कोणत्या स्थितींत असत, आणि तीं अमुक जागीं ठेवावींत हें कोण व कशावरून ठरवी, हा प्रश्न वरवर पाहतां सुताराचा व तांडेलाचा वाटतो. परंतु जुने कागद चाळूं लागलों म्हणजे असें दिसून येतें कीं, हा निर्णय राज्यकारभाराचाहि होता. त्यावर पुढील हंगामांत किती तारवें पाण्यावर येणार हें अवलंबून असे, इतकेंच नव्हे, तर शेजारच्या सत्तांशीं सलूख राहणार कीं बिघाड होणार हेंहि एकदोन प्रसंगीं त्यावरून ठरलें आहे. ज्यांच्या संग्रहीं कोंकणचे कागद आहेत त्यांस उपयोग व्हावा म्हणून आम्ही या विषयाची मांडणी येथें करीत आहों.

प्रथम शब्दाचा विचार. आज छावणी म्हटलें कीं लष्कराचें कायमचें ठाणें डोळ्यांपुढें येतें. मूळ अर्थ तसा नाहीं. छावणें म्हणजे गवतानें वा पेंढ्यानें आच्छादणें, शाकारणें. पावसाळा आला म्हणजे फौज मुलूखगिरी आटोपून एके जागीं गवती छपरें घालून राही, तिला छावणी म्हणत. दसरा झाला कीं ती उठे. आरमाराच्या बाबतींत हा शब्द दोन्ही अर्थांनीं खरा ठरतो. तारवें एका बंदरीं मुक्कामास जात, आणि तेथें त्यांजवर खरोखरच छप्पर घातलें जाई. म्हणून एखाद्या पत्रांत आरमार छावणीस गेल्याचा उल्लेख आढळल्यास तेथें लढाईची तयारी चालली होती असा अर्थ घेऊं नये. तो नेमका उलट अर्थ आहे. शिडें उतरलीं, तोफा किनाऱ्यावर गेल्या, आणि खलाशी भातलावणीस घरीं गेले, असें तें वाक्य सांगत असतें.

याच्याच जोडीला परकी कागदांतील एका शब्दाकडे लक्ष वेधणें जरूर आहे. पोर्तुगीज लोक आपल्याकडील पावसाळ्यास ‘इन्व्हेर्नो’ म्हणत. त्यांच्या देशीं पाऊस व वादळें हिवाळ्यांत होतात, व जहाजें त्या ऋतूंत बंदरीं ठेवतात. तोच शब्द त्यांनीं येथील पावसाच्या महिन्यांस लाविला. पुढें इंग्रजांनींहि तोच प्रघात स्वीकारून ‘विंटर’ हा शब्द त्याच अर्थानें वापरला. सतराव्या शतकांतील सुरत-मुंबईच्या पत्रव्यवहारांत अमक्याचें आरमार मुंबईस ‘विंटर’ करून राहिलें असें आलें म्हणजे तो काळ मार्गशीर्ष-पौषाचा नव्हे, तर वैशाखअखेरपासून भाद्रपदापर्यंतचा समजावा. या शब्दाचें भाषांतर हिवाळा असें केल्यास सर्व घटनाक्रम सहा महिन्यांनीं सरकतो, आणि ज्या वेळीं समुद्र खुला होता त्या वेळीं आरमार किनाऱ्यावर ओढलेलें होतें असें विपरीत चित्र उभें राहतें. तारखांचीहि एक बारीक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. इ. स. १७५२ पर्यंत इंग्रज जुनी गणना चालवीत होते. पोर्तुगीजांनीं नवी गणना सोळाव्या शतकांतच घेतली होती. त्यामुळें सतराव्या शतकांत एकाच दिवसाची इंग्रजी तारीख पोर्तुगीज तारखेच्या दहा दिवस मागें असते. एरवीं दहा दिवसांचें फारसें महत्त्व नसेल, पण मृगाच्या तोंडावर दहा दिवसांत समुद्र पार पालटतो.

आतां तारवें ठेवण्याच्या रीतीकडे वळूं. रीति मुख्यत्वें तीन: किनाऱ्यावर ओढून घेणें, खाडींत आंत नेऊन तरंगत ठेवणें, आणि गोदींत घालणें. कोणती पत्करावयाची हें तारवाच्या वजनावर, बुडाच्या आकारावर आणि त्या जागच्या भरती-ओहोटीवर ठरे.

होड्या, मचवे व लहान गलबतें ओढून घेणें सर्वांत सोयीचें. त्यासाठीं मुहूर्त पाहावा लागे, पण तो पंचांगांतल्या शुभाशुभाचा नव्हे, तर उधाणाचा. अमावास्या व पौर्णिमा यांच्या पाठच्या दोनतीन दिवसांत भरती सर्वांत वर चढते. वैशाखाच्या अखेरच्या किंवा ज्येष्ठाच्या पहिल्या उधाणावर तारूं शक्य तितकें वर नेत, आणि मग माडाचे ओंडके खालीं घालून माणसांच्या बळानें आणखी वर सरकवीत. हा काळ चुकला तर पुढलें उधाण येईपर्यंत पंधरवडा जातो, आणि त्या पंधरवड्यांत वारा फिरलेला असतो. पाण्यांत परत लोटण्यासहि असेंच उधाण लागतें. नारळी पौर्णिमेचा सण दर्यावर्दी लोकांनीं पौर्णिमेसच कां धरला याची धार्मिक उपपत्ति कांहींहि असो. वर ओढलेलें गलबत पाण्यांत घालण्यास ती तिथि उत्तम आहे एवढें खरें.

गलबत वर आलें म्हणजे काम संपलें असें नाहीं. खरें काम तेथून पुढें. तें जमिनीवर नुसतें टेकवून चालत नाहीं, कारण ओली माती व वाळवी दोन्ही लाकडाच्या वैरिणी. खालीं दगड किंवा ओंडके सारख्या अंतरानें घालावे लागतात. मधला आधार कमी पडला तर मध्य खचतो, टोकांचा कमी पडला तर टोकें वांकतात, आणि एकदां वांकलेलें बूड पुन्हा सरळ होत नाहीं. दोन्ही बाजूंस टेकू देतात. तळाचें भोंक उघडें ठेवतात, म्हणजे आंत पडलेलें पावसाचें पाणी सांचून राहत नाहीं. खाऱ्या पाण्यापेक्षां गोड्या पाण्यानेंच लाकूड लवकर कुजतें, हें ज्यांनीं जुनें तारूं उलगडलेलें पाहिलें आहे त्यांस सांगावयास नको. डोलकाठ्या व परबाण उतरून वखारींत आडवे ठेवतात, आणि शिडें व दोर पूर्ण सुकवून मगच बांधतात. नंतर वर बांबूंचा सांगाडा उभारून माडाच्या झावळ्यांचीं विणलेलीं झापें घालतात. हें छप्पर पावसासाठीं जितकें, तितकेंच उन्हासाठीं. पावसाच्या उघडिपींत कडक ऊन पडलें तर फळ्या सुकून सांधे फांकतात, आणि श्रावणांत तारूं पाण्यांत घालतांच चाळणीसारखें गळूं लागतें. छप्पर बाजूंनीं बंद करीत नाहींत, कारण आंत वारा खेळला नाहीं तर सागासारखें लाकूडहि घामेजतें व लोखंडी खिळे गंजतात. ही सारी विद्या आजहि कोंकणांत जिवंत आहे. फरक इतकाच कीं, झापांच्या जागीं पुष्कळ ठिकाणीं प्लास्टिकची ताडपत्री आली आहे. ती पाऊस अडविते, पण वाराहि अडविते.

मोठ्या तारवांची गोष्ट वेगळी. गुराब दीडशेपासून तीनशे टनांपर्यंतची असे. गलबत सहसा सत्तर टनांच्या आंतलें. तीनशे टनांचें धूड ओंडक्यांवरून वाळवंटांत चढविणें व्यवहार्य नव्हे. त्यास खाडीच्या आंतल्या वळणावर, जेथें टेकडीचा आडोसा आहे व तळ मऊ चिखलाचा आहे अशा जागीं, दोहों बाजूंनीं दोर देऊन उभें करीत. या रीतींत एक मोठा लाभ आहे, तो अनुभवानेंच कळावा असा. समुद्राच्या पाण्यांत लाकूड पोखरणारी एक कीड असते. ती तारवाच्या तळांत शिरून आंतून जाळी करते, आणि बाहेरून फळी धड दिसत असतां ती हातानें दाबली तर आंत जाते. पावसाळ्यांत कोंकणच्या खाड्या नदीच्या पुरानें गोड्या होतात, आणि त्या गोड्या पाण्यांत ही कीड जगत नाहीं. तळास चिकटलेले शिंपलेहि मरून सुटूं लागतात. म्हणजे खाडीच्या वरच्या अंगास दोन महिने राहिलेलें तारूं आपोआप अर्धें निरोगी होऊन येतें. पण धोकाहि तेथेंच. पुरांत उन्मळलेलीं झाडें वाहत येतात, दोर घासून तुटतात, आणि पाणी उपसावयास रात्रंदिवस माणसें ठेवावीं लागतात. किनाऱ्यावर ओढलेलें गलबत एक म्हातारा राखणदार सांभाळूं शकतो. तरंगत्या गुराबेस दहा-पंधरा माणसांचा पगार चालू ठेवावा लागतो. खर्चाचा हा भेद सरकारी हिशेबांत उतरल्याशिवाय राहिला नसेल.

मराठी तारवांचीं बुडें सपाटशीं व पाण्यांत कमी बुडणारीं होतीं, याबद्दल त्यांस भर समुद्रांतल्या लढाईच्या दृष्टीनें उणें लेखण्याची चाल आहे. आम्हांस हा न्याय एकांगी वाटतो. मालवण-विजयदुर्गाकडे उधाणाच्या दिवशींहि पाणी सहा-सात फुटांहून फार चढत-उतरत नाहीं. मुंबईस बारा फुटांच्या वर चढतें. जेथें भरतीची मदत इतकी तोकडी, तेथें खोल बुडाचें जहाज ना खाडींत वर नेतां येतें, ना चिखलावर बसवितां येतें. ज्या किनाऱ्यावर वर्षाचा चौथा हिस्सा तारूं कोठें तरी लपवून ठेवणें भाग आहे, त्या किनाऱ्याचें तारूं तसेंच असणार.

या सर्व व्यवहाराचा राज्यकर्त्यांच्या बाजूनें विचार केलेला पाहावयाचा असल्यास आज्ञापत्राकडे वळावें. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेला हा ग्रंथ इ. स. १७१५-१६ च्या सुमाराचा, म्हणजे थोरल्या महाराजांच्या पश्चात् पस्तीस वर्षांनीं झालेला; परंतु त्यांतील आरमाराचें प्रकरण शिवकालीन अनुभवावर उभारलेलें आहे, हें सर्वमान्य आहे. त्यांत छावणीसंबंधीं जो उपदेश आहे त्याचा आशय असा: छावणी दरसाल एकाच बंदरीं न करितां बंदर पालटीत जावें, बंदर किल्ल्याच्या आश्रयाचें असावें, सारें आरमार एके जागीं न कोंडतां जागोजाग वांटून ठेवावें, आणि रात्रीं जमिनीवरून व पाण्यावरून गस्त असावी. बंदर पालटण्याचें जें कारण दिलें आहे तें विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे. आरमारी लोकांस कितीहि ताकीद असली तरी ते जेथें रिकामे राहतात तेथील रयतेस उपसर्ग पोंचतोच; तोच गांव दरसाल त्याखालीं भरडला जाऊं नये, हा त्यांतला हेतु. कीड, वारा, गाळ यांची चिंता तांडेलावर सोंपवून ग्रंथकारानें आपल्याकडे राखली ती रयतेची व शत्रूची चिंता. लाकडाविषयीं सांगतांनाहि हीच दृष्टि दिसते. आंबा, फणस हीं झाडें आरमाराच्या उपयोगाचीं खरीं, पण रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, म्हणून तीं तोडूं नयेत; एखादें जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें, असें तेथें सांगितलें आहे.

उपदेशाची किंमत तो न पाळल्यानें काय होतें यावरून कळते. त्याचें उत्तम उदाहरण मराठ्यांचें नसून जंजिऱ्याच्या सिद्दीचें आहे. सिद्दी हा इ. स. १६७० नंतर मोंगलांचा आरमारप्रमुख म्हणून वावरत होता, आणि पावसाळा जवळ आला कीं तो आपलीं तारवें घेऊन मुंबईच्या आश्रयास येई. मुंबई बेटाच्या पूर्वअंगास माजगांव आहे. नैर्ऋत्येचा वारा बेटाच्या अंगावरच अडतो, किनारा उताराचा व चिखलाचा, आणि भरती भरपूर. तारवें ओढून ठेवण्यास याहून चांगली जागा त्या टापूंत क्वचितच असेल. सुरतेस इंग्रजांची वखार मोंगलांच्या हाताखालीं होती, म्हणून सिद्दीस नाहीं म्हणणें कठीण. उलट, पेण, नागोठणें, कल्याण या बाजूंनीं मुंबईस धान्य व सर्पण जें येई तें शिवाजीमहाराजांच्या मुलुखांतून. म्हणून सिद्दीस होय म्हणणेंहि कठीण. दरसाल एप्रिल-मे महिन्यांत मुंबईच्या कारभाऱ्यांपुढें हा पेंच उभा राही. सिद्दीचे लोक माजगांवांत रिकामे बसले म्हणजे तेथील रहिवाशांस त्रास देत, आणि दर्या खुला होतांच त्याच बंदरांतून निघून मराठी किनाऱ्यावरील गांवें लुटीत. आज्ञापत्रकारांनीं आपल्या लोकांविषयीं जें भय बोलून दाखविलें तें येथें दुसऱ्याच्या आरमारानें प्रत्यक्ष करून दाखविलें होतें.

इ. स. १६७८ च्या पावसाळ्यांत सिद्दी कासिमाचीं तारवें अशींच माजगांवास ओढलेलीं होतीं. महाराजांनीं जुलै महिन्यांत दौलतखान व दर्यासारंग या आपल्या आरमारी सरदारांस मोठा जमाव देऊन पनवेलीस पाठविलें. बेत असा कीं, खाडी उतरून माजगांवास जावें व किनाऱ्यावर पडलेलें सारें आरमार जाळून टाकावें. या बेताचें मर्म छावणीचा व्यवहार ठाऊक असल्याशिवाय उमगत नाहीं. पाण्यावर असलेलें आरमार जाळण्यास त्याहून मोठें आरमार लागतें. किनाऱ्यावर ओढून झापांनीं शाकारलेलें आरमार जाळण्यास चूड पुरते. तोफा उतरलेल्या, माणसें पांगलेलीं, आणि तारूं पाण्यांत घालावयास उधाणाची वाट पाहावी लागणार, अशी ती असहाय अवस्था. परंतु ज्या ऋतूनें शत्रूस असहाय केलें त्यानेंच चढाई करणाऱ्याचेहि हात बांधले. वादळी वारा व पुरेशा होड्यांचा अभाव यांमुळें खाडी ओलांडतां आली नाहीं, आणि साष्टीकडून जाण्यास पोर्तुगीजांनीं वाट दिली नाहीं. बेत फसला. तरी पुढल्याच सालीं, म्हणजे १६७९ मध्यें, पावसाळा पुरता सरण्यापूर्वींच महाराजांनीं मुंबईच्या तोंडावरील खांदेरी बेटावर माणसें उतरवून तटाचें काम सुरू केलें. समुद्र बंद आहे अशा समजुतींत प्रतिपक्ष असतां ती मुदत संपण्याच्या आधींच हालचाल करणें, हा धडा त्यांनीं १६७८ च्या फसलेल्या स्वारीपासून घेतला असावा, असें आमचें मत आहे.

पुढें इ. स. १६८३ च्या डिसेंबरांत कीग्विन यानें कंपनीविरुद्ध बंड करून मुंबई ताब्यांत घेतली, तेव्हां त्यानें सिद्दीस माजगांवीं राहण्याची मोकळीक बंद केली आणि संभाजीमहाराजांशीं सलूख जोडला. कंपनीच्या अधिकाऱ्यांस जें बारा वर्षांत साधलें नाहीं तें बंडखोरानें चार महिन्यांत केलें. तरी माजगांवचा किनारा सिद्दीच्या ओळखीचा झाला तो झालाच. इ. स. १६८९ त सिद्दी याकुतानें मुंबईवर स्वारी केली, त्या वेळीं माजगांव त्याच्या हातीं गेलें व १६९० च्या मध्यापर्यंत तें त्याजकडे राहिलें. पाहुणा म्हणून इतके पावसाळे काढलेल्या जागेच्या खाचाखोचा त्यास कोणी निराळ्या दाखवाव्या लागल्या नसतील.

गोदीची रीति आंग्र्यांच्या वेळीं पूर्णत्वास आली. विजयदुर्गाच्या खाडींत, किल्ल्यापासून सुमारें दोन मैल आंत, गिर्ये गांवच्या हद्दींत खडक कोरून केलेली एक गोदी आहे. तिची लांबी सुमारें साडेतीनशे फूट व रुंदी सुमारें सव्वादोनशे फूट. इतकी रुंदी एका जहाजासाठीं कोणी ठेवीत नाहीं. तेव्हां ही गोदी एकाच वेळीं अनेक तारवें शेजारीं शेजारीं ठेवण्यासाठीं होती, हें उघड आहे. भरतीस तारवें आंत घ्यावयाचीं, ओहोटीस तळ उघडा पडला म्हणजे तळाची कीड जाळावयाची, सांध्यांत कापूस भरून राळ व तेल द्यावयाचें, आणि बाहेरून चुना व तेल यांचा लेप चढवावयाचा, असा क्रम अशा गोदींत चालतो. किल्ला तोंडावर, गोदी आंतल्या वळणावर, मध्यें खाडीची वांकण. समुद्रावरून येणाऱ्यास गोदी दिसत नाहीं. मुंबईस इंग्रजांची दगडी सुकी गोदी इ. स. १७५० नंतर बांधून झाली. त्याच शतकांत आपल्या किनाऱ्यावर हें काम उभें होतें, याचा उल्लेख आरमाराच्या इतिहासांत एका वाक्यावर आटपला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

परंतु उत्तम बंदर हातीं असलें म्हणजे सारें आरमार तेथेंच ठेवण्याचा मोह होतो. इ. स. १७५५ च्या एप्रिलांत कमोडोर जेम्स यानें सुवर्णदुर्ग घेतला, आणि पावसाळा तोंडावर आल्यामुळें ती मोहीम तेथेंच थांबली. तुळाजी आंग्र्यास पावसाळ्याचे महिने व पुढें हिवाळ्याचा आरंभ एवढी फुरसत मिळाली. इ. स. १७५६ च्या फेब्रुवारींत वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गावर आले, त्या वेळीं त्याचें आरमार किल्ल्याच्या आश्रयास खाडींत एकमेकांस जखडून उभें होतें. आंग्र्यानें पूर्वीं कंपनीकडून हस्तगत केलेलें ‘रेस्टोरेशन’ नांवाचें जहाज त्यांतच होतें. त्यावर एक गोळा पडून आग लागली, ती दोरादोरानें पसरत गेली, आणि थोड्याच अवकाशांत सबंध आरमार जळून गेलें. ही घटना पावसाळी छावणींतली नव्हे, हें आम्ही जाणतों. तरी आरमार एके जागीं ठेवूं नये, वांटून ठेवावें, असें जें आज्ञापत्रकारानें चाळीस वर्षांपूर्वीं लिहून ठेविलें होतें त्याचा अर्थ त्या दिवशीं विजयदुर्गाच्या खाडींत दिसला. तुळाजीच्या बाजूनें एवढेंच म्हणतां येईल कीं, सुवर्णदुर्ग गेल्यावर वांटून ठेवण्यास त्याजपाशीं बंदरें थोडीं उरलीं होतीं.

आतां संग्राहकांच्या उपयोगाची एक गोष्ट. मराठेशाहीचे हिशेब शुहूर सनानें, म्हणजे मृगसालानें चालत. सूर्य मृग नक्षत्रीं आला कीं नवें साल लागे. आरमाराच्या छावणीचा आरंभहि नेमका त्याच संधीवर पडतो. त्यामुळें एकाच छावणीचा खर्च दोन सालांत विभागला जातो. तारवें वर ओढण्याची मजुरी, ओंडके, झापें, बांबू हीं वैशाखांत लागतात, तीं सरत्या सालीं पडतात. राळ, तेल, कापूस, काथ्या, नवे दोर, सुतार-लोहारांची रोजमजुरी हीं श्रावण-भाद्रपदांत लागतात, तीं नव्या सालीं पडतात. एका सालची यादी हातीं घेऊन तीवरून त्या वर्षीं किती तारवें होतीं हें काढूं जाणारा संशोधक पहिल्या कलमांत एका छावणीचा शेवट पाहतो व शेवटच्या कलमांत दुसऱ्या छावणीचा आरंभ पाहतो, आणि दोन्ही एकाच मानतो. वर सांगितलेला १६७८ चा पावसाळा घ्या: तो शुहूर सन १०७९ च्या आरंभींचा होय, पण त्या पावसाळ्यासाठीं कोणाचीं तारवें ओढण्याचा खर्च पडला असेल तर तो बहुतांशीं १०७८ च्या अखेरीस शोधला पाहिजे. झापांची संख्या व राळेचें वजन यांचें प्रमाण बसवून ओढलेलीं तारवें किती व तरंगत ठेवलेलीं किती याचा अजमास काढणेंहि अशक्य नाहीं, कारण झापें ओढलेल्यांसच अधिक लागतात व राळ सर्वांसच लागते. मात्र त्यासाठीं लागोपाठच्या दोन सालांच्या याद्या एकत्र असाव्या लागतात.

आणि तशा त्या राहत नाहींत, हीच अडचण आहे. सनदा, तहनामे, मोहरबंद पत्रें यांस संग्राहक जपतात. झापांच्या व काथ्याच्या याद्या रद्दींत जातात. अलीकडे इ. स. २०२५ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत मराठ्यांच्या किल्ल्यांचा समावेश झाला, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे चार जलदुर्ग आहेत. त्यामुळें तटबंदीकडे लोकांचें लक्ष वळलें आहे, हें योग्यच झालें. पण तटाच्या बाहेर, खाडीच्या चिखलांत, जेथें हीं तारवें वर्षाचा चौथा हिस्सा पडून असत, तेथें पाहावयास कोणी फारसें जात नाहीं. गिर्येची गोदी गाळानें भरत आली आहे. कोळी, खारवी, गाबीत या मंडळींच्या घरीं अजूनहि होडी कोठें ओढावी, कोणत्या उधाणास ओढावी याचे संकेत ठरलेले आहेत. सरकारी आज्ञेनें अलीकडील वर्षांत यांत्रिक नौकांस १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस मासेमारीची मनाई असते, तिचा हेतु निराळा असला तरी मुदत जुन्या छावणीच्या पोटांतच बसते. गांवोगांव ज्या जागीं आज होड्या ओढतात त्या जागांचीं जुनीं नांवें टिपून घेतलीं, तर पत्रांतून येणाऱ्या छावणीच्या स्थळांशीं तीं ताडून पाहतां येतील.

ज्या गृहस्थांच्या घरीं विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, कुलाबा अथवा जयगड या भागांतील आरमारी नोकरीचे कागद असतील त्यांस आमची विनंती आहे कीं, राळ, तेल, काथ्या, झापें, ओंडके, राखणदारांचा मुशाहिरा, किंवा तारवें वर ओढण्याची बेगार अथवा मजुरी यांचा उल्लेख असलेले कपटे वेगळे काढावेत, त्यांवरील साल व महिना अर्धवट असला तरी तसाच नकलून घ्यावा, आणि एका सालचा कागद सांपडल्यास त्याच्या मागील व पुढील सालचा त्याच रुमालांत आहे काय हें पाहिल्याशिवाय रुमाल बांधूं नये.